नाव डॉल्बीचे, गोंगाट आमचा

एखाद्या कंपनीचे नाव वस्तूला कायमचे चिकटावे, हे मराठीला नवे नाही. वनस्पती तुपाला ‘डालडा’ आणि छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एक नाव असेच आपलेसे केले. ते म्हणजे ‘डॉल्बी’. गणेशोत्सव जवळ आला की पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका होतात, ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा’ची आवाहने निघतात आणि विसर्जनानंतर किती मंडळांवर गुन्हे दाखल झाले याच्या बातम्या येतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ‘डॉल्बी’ म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीवर वा ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत. खानदेशात आणि विदर्भात तिलाच ‘डीजे’ म्हणतात. नावे दोन असली तरी तक्रार एकच आहे.

डालडाच्या डब्यात निदान वनस्पती तूप तरी होते. ‘डॉल्बी’च्या बाबतीत तेवढेही साम्य नाही. ज्या कंपनीचे हे नाव आहे, तिने आपल्या मिरवणुकीतले ते खोके बनवलेले नाहीत. उलट नको असलेला आवाज कमी करणे हाच तिचा पहिला धंदा होता. ज्या नावाने जगभर ‘खरखर नाही’ अशी हमी दिली, ते नाव महाराष्ट्रात कानठळ्यांचा पर्याय व्हावे, हा विनोद म्हणून सोडून देता येईल. परंतु या कंपनीची वाढ कशी झाली आणि आपल्याकडील ध्वनियंत्रणेचा व्यवसाय कसा वाढला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर आपला डीजेचा प्रश्न वर्षानुवर्षे तेथेच का अडला आहे, याचा बराच उलगडा होतो.

शांततेचा व्यापार

रे डॉल्बी यांचा जन्म १९३३ चा, अमेरिकेतील पोर्टलंडचा. विद्यार्थी असतानाच त्यांनी अँपेक्स कंपनीत काम केले. १९५६ साली बाजारात आलेल्या पहिल्या व्यवहार्य व्हिडिओ टेप रेकॉर्डरच्या घडणीत त्यांचा वाटा होता. पुढे केंब्रिज विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून १९६३ ते १९६५ या काळात भारतात राहिले. येथे भारतीय संगीताचे ध्वनिमुद्रण करताना फितीवरील खरखरीने ते अस्वस्थ झाले आणि ती कमी करण्याची कल्पना त्याच काळात आकाराला आली, असे सांगितले जाते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘डॉल्बी लॅबोरेटरीज’ स्थापन केली. १९७६ मध्ये कंपनीचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोला गेले.

त्यांची युक्ती समजायला अवघड नाही. चुंबकीय फितीची खरखर सतत चालू असते. मोठा आवाज असताना ती कानाला जाणवत नाही, हळुवार आवाजात मात्र उघडी पडते. म्हणून मुद्रण करताना फक्त हळुवार आवाज ठरलेल्या प्रमाणात वाढवायचे आणि ऐकवताना तेवढ्याच प्रमाणात खाली आणायचे. संगीत मूळ पातळीवर येते आणि त्याबरोबर फितीची खरखर सुमारे १० डेसिबलने दबते. मोठ्या आवाजाला हात लावायचाच नाही. ध्वनिमुद्रणालयांसाठी केलेली ही यंत्रणा लंडनच्या डेक्का कंपनीने १९६६ मध्ये प्रथम वापरली. १९६८ मध्ये घरगुती उपकरणांसाठी तिची सोपी आवृत्ती आली आणि नंतर ती कॅसेट प्लेअरमधून जगभर पोहोचली.

कंपनीच्या वाढीचे खरे रहस्य मात्र यानंतरच्या निर्णयात आहे. घराघरातले कॅसेट प्लेअर स्वतः बनवण्याच्या फंदात डॉल्बी पडले नाहीत. त्यांनी आपल्या रचनेचा परवाना इतर उत्पादकांना दिला, प्रत्येक यंत्रामागे शुल्क घेतले आणि आपले बोधचिन्ह लावण्यासाठी कसोट्या घातल्या. अर्थात, ज्यावर कंपनीची कमाई उभी राहिली ती वस्तू म्हणजे एक प्रमाण होते. चित्रपटांतही हाच मार्ग राहिला. १९७५ मध्ये डॉल्बी स्टिरिओ आला, १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने तो लोकप्रिय केला, १९९२ मध्ये डिजिटल ध्वनी आला आणि २०१२ मध्ये ‘अ‍ॅटमॉस’. २००५ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिचे उत्पन्न सुमारे सव्वा अब्ज डॉलर होते आणि त्यातील नऊ दशांशांहून अधिक वाटा परवान्यांचा होता.

आज ही कंपनी यंत्रांपेक्षा संगणकीय प्रणालींची अधिक आहे. ‘अ‍ॅटमॉस’मध्ये ध्वनिसंयोजक प्रत्येक वाद्याला केवळ डावा-उजवा कर्णा नेमून देत नाही, तर अवकाशातले स्थान नेमून देतो. ऐकणाऱ्याकडे दोन कर्णे आहेत की वीस, याचा हिशेब प्रणाली करते. २०२१ मध्ये अ‍ॅपलच्या संगीतसेवेने ती स्वीकारल्यावर चित्रपटापुरते असलेले हे तंत्र गाण्यांच्या मुद्रणालयातही रुजले. या साम्राज्याला तडे नाहीत असे नव्हे. जुन्या डिजिटल ध्वनीवरील एकस्वाची मुदत २०१७ मध्ये संपली. परवानाशुल्क टाळू पाहणाऱ्या गुगल आणि सॅमसंगने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःचा खुला पर्याय जाहीर केला. प्रमाण विकणाऱ्या कंपनीला जुने प्रमाण फुकट होण्याआधी नवे प्रमाण रूढ करावेच लागते. डॉल्बीची साठ वर्षांची धावपळ ही अशी आहे.

या वाढीतील एक छोटी गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. डॉल्बीच्या यंत्रणेवर चालणाऱ्या चित्रपटगृहात आवाजाच्या कळीवर ७ हा प्रमाण आकडा मानला गेला. कळ तेथे ठेवली की पडद्यामागच्या प्रत्येक कर्ण्याचा चाचणीध्वनी प्रेक्षकाच्या जागी ८५ डेसिबल भरावा, अशी जुळणी करायची. संयोजकाने मुद्रणालयात जे ऐकले तेच दूरच्या गावातील प्रेक्षकाने ऐकावे, एवढाच यामागचा हेतू. चित्रपटगृहे हा आकडा नेहमी पाळतात असे नाही, परंतु आकडा आहे. आपल्या मिरवणुकीतील यंत्रणेवर असा आकडा कोठे आहे?

नाव आले, माप राहिले

नव्वदच्या दशकात शहरांतील चित्रपटगृहांनी नव्या ध्वनियंत्रणा बसवल्या आणि जाहिरातींत ‘डॉल्बी’ हा शब्द ठळक अक्षरांत झळकू लागला. छातीत धडकणारा खर्जातला आवाज सामान्य प्रेक्षकाने बहुधा प्रथम तेथे अनुभवला. साहजिकच तशा आवाजाला तेच नाव पडले. पुढे स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर आले, प्लायवूडचे खोके गावातल्या सुताराकडून करून घेता येऊ लागले आणि कर्णे सुटे विकत मिळू लागले. अशा रीतीने चित्रपटगृहातला खर्ज रस्त्यावर आला. नाव आले, खर्ज आला, पण ७ चा आकडा मात्र आला नाही.

त्या जागी दुसरेच माप आले. किती ‘टॉप’, किती ‘बेस’, जनरेटर केवढा, यावर सुपारी ठरू लागली. प्रत्येक मंडळाला आणि प्रत्येक वरातीला शेजारच्यापेक्षा दोन खोके जास्त हवे झाले. डॉल्बी कंपनीचा ग्राहक खरखर किती कमी झाली हे पाहून पैसे देतो, तर आपल्याकडचा ग्राहक काच किती हादरली हे पाहून देतो. ग्राहक ज्याचे मोल देतो त्याच दिशेने व्यवसाय वाढतो. त्यात यंत्रणावाल्याला एकट्याला दोष देणे न्यायाचे होणार नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याचे उदाहरण घेऊ. ब्राह्मणपुरीसारख्या गावात लग्नसराई, गणेशोत्सव, नवरात्र आणि यात्रा हे ध्वनियंत्रणेच्या कमाईचे दिवस. वर्षातले हे मोजके महिने सोडले तर खोके गोदामात वा अंगणात ताडपत्रीखाली पडून असतात. शेतीला जोडधंदा म्हणून कर्ज काढून यंत्रणा घ्यायची, मोसमात हप्ते फेडायचे, हा या धंद्याचा हिशेब. यंत्रणेबरोबर वाहनचालक, वायरमन, खोके उचलणारी पोरे आणि ‘मिक्सिंग’ करणारा तरुण अशा अनेकांची रोजी चालते. शहराकडे न जाता गावात राहून यंत्रज्ञान शिकण्याची ही त्यांच्यापैकी अनेकांची पहिली संधी असते. बंदीचा आदेश निघतो तेव्हा त्यांचा मोसम बुडतो, पण हप्ता बुडत नाही.

दुसरी बाजू याच गावातली, बहुधा त्याच घरातली आहे. परीक्षेला बसलेली मुलगी, हृदयविकाराचा आजोबा, पाळण्यातले मूल आणि गोठ्यातली जनावरे हे सारे त्या भिंतीपासून फार लांब नसतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे खोक्यांपासून १० मीटरवर १०० डेसिबल असतील, तर २० मीटरवर ९४, ४० वर ८८, ८० वर ८२ आणि १६० मीटरवर ७६. घरांच्या भिंतींनी आवाज परतवला तर याहूनही अधिक. लहानशा गावात १६० मीटर म्हणजे बऱ्याचदा या टोकापासून त्या टोकापर्यंतची वस्ती. शहरात खिडकी लावून घेता येते. कौलारू वा पत्र्याच्या घरात तीही सोय नाही.

कानाचा हिशेब तर अधिक कठोर आहे. ८५ डेसिबल आवाजात ८ तास, ही कामाच्या जागेसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मानलेली मर्यादा आहे. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये १५ मिनिटे पुरे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल सरासरीदेखील १०० डेसिबलच आहे. मिरवणूक मात्र सहा-सहा तास चालते. तिच्यात खोक्यांच्या अगदी पुढ्यात ज्यांना उभे राहावे लागते, ती खोके उचलणारी पोरेच असतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. या धंद्याची सर्वांत मोठी किंमत धंद्यातलेच मजूर मोजतात, ही गोष्ट बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही विसरतात.

आवाज मोठा असणे हेच मुळात परके आहे, असे म्हणणेही खरे नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत सातपुड्यातले प्रचंड ढोल रात्रभर घुमतात. परंतु ढोलाला वाजवणाऱ्याच्या दंडाची मर्यादा आहे, हात थकतो आणि ताल मंदावतो. जनरेटर थकत नाही. माणसाच्या शरीराने आपोआप घातलेला लगाम यंत्राने काढून घेतला, तेव्हा त्या जागी दुसरा लगाम घालणे आवश्यक होते. तो आपण घातला नाही.

कायदा आहे, कसोटी नाही

लगाम कागदावर आहे. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सार्वजनिक ठिकाणच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या नियमांना बळ दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीविषयी सविस्तर आदेश दिले. सप्टेंबर २०१८ मध्ये ध्वनि आणि प्रकाशयोजना व्यावसायिकांची ‘पाला’ ही संघटना बंदीविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, तेव्हा ऐन विसर्जनाच्या तोंडावर न्यायालयाने तातडीचा दिलासा नाकारला. ही यंत्रे सुरू होताच मर्यादा ओलांडतात, अशी सरकारची बाजू होती. यंत्र बाळगणे हा गुन्हा नाही, त्याचा गैरवापर हा गुन्हा आहे, असे व्यावसायिकांचे म्हणणे.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि तेथेच खरी गाठ आहे. निवासी भागात हद्दीवर दिवसा ६५ डेसिबल ही मर्यादा धरली आणि हद्द ४० मीटरवर असली, तर खोक्यांपासून १० मीटरवर आवाज ७७ डेसिबलच्या आत हवा. नाचणाऱ्या जमावाचा स्वतःचा कल्लोळच तेवढा भरतो. म्हणजे अक्षरशः पाहिले तर कर्ण्यांच्या भिंतीची कोणतीही मिरवणूक कायद्यात बसत नाही. सगळेच कायदा मोडतात असे एकदा झाले की कोणावर कारवाई करायची हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठरते. दुबळ्या मंडळावर गुन्हा दाखल होतो आणि वजनदार मंडळापुढे यंत्र बंद पडते, अशी जनतेची समजूत होते. त्या समजुतीत कायद्याचा धाक विरून जातो.

दुसरी अडचण मोजणीची. नियमांतील डेसिबल ‘ए’ मापनाचे आहेत. मानवी कान मंद खर्जाला कमी संवेदनशील असतो म्हणून हे मापन खर्जाचे वजन कमी धरते. ५० हर्ट्झच्या आवाजात ही वजावट सुमारे ३० डेसिबलची असते. मिरवणुकीतील ‘बेस’ नेमका याच पट्ट्यात वाजतो. परिणामी पोलिसाच्या हातातले यंत्र जेवढे दाखवते त्याहून कितीतरी अधिक हादरा घराची तावदाने आणि आजाऱ्याची छाती सोसत असते. तक्रारदाराला वाटते मोजणी खोटी, यंत्रणावाल्याला वाटते तक्रार खोटी. प्रत्यक्षात दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. खर्जासाठी ‘सी’ मापनाची वेगळी मर्यादा ठरवली, तर या वादातील मोठा भाग निकाली निघेल.

२३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात एक वेगळी दिशा दाखवली. आवाजाची मर्यादा आपोआप राखणारी व्यवस्था ध्वनिक्षेपकातच असावी, यासाठी सरकारने निर्देश देण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने सुचवले. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा ‘लिमिटर’ व्यावसायिक ध्वनियंत्रणेत नवा नाही. तो आज अनेक यंत्रणांत असतोच, मात्र कर्णा जळू नये म्हणून. शेजाऱ्याचा कान वाचावा म्हणून तो बसवणे, त्याची जुळणी अधिकृत तंत्रज्ञाने करणे आणि त्यावर मोहोर लावणे, यात तंत्राची अडचण नाही. रिक्षाच्या मीटरला जे जमले ते येथे का जमू नये? प्रश्न इच्छाशक्तीचा आणि व्यवस्थेचा आहे.

बंदीनंतर काय?

म्हणूनच ‘डॉल्बीमुक्ती’ या शब्दाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. नावावर बंदी घातली की नाव बदलते. ‘डॉल्बी नको’ म्हटल्यावर ‘बेस’ येतो, ‘साउंड’ येतो, आणि पारंपरिक वाद्यांच्या पथकालाही ध्वनिक्षेपक जोडला जातो. वस्तूवर नव्हे तर मापावर नियम असेल, तर नाव काहीही असो, लपायला जागा उरत नाही.

त्यासाठी करायच्या गोष्टी अवाढव्य नाहीत. प्रत्येक व्यावसायिक यंत्रणेची तालुका पातळीवर नोंदणी व्हावी, मर्यादकाची तपासणी दरवर्षी मोसमाआधी व्हावी, आणि मोजणीयंत्र वापरण्याचे शिक्षण पोलिसांप्रमाणेच यंत्रणा चालवणाऱ्यालाही मिळावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ध्वनियंत्रणेचा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, तर शहादा-तळोद्याच्या पोरांच्या हाती केवळ खोकेच नव्हे तर प्रमाणपत्रही येईल. एका जागी कर्ण्यांची भिंत रचण्याऐवजी छोटे कर्णे अंतराअंतरावर श्रोत्यांजवळ ठेवले, तर कमी आवाजात शब्द अधिक स्पष्ट ऐकू येतात. हे मोठ्या सभांच्या ध्वनिव्यवस्थापकांना चांगले ठाऊक आहे. मिरवणुकीलाही तेच लागू आहे. कर्जावर यंत्रणा घेतलेल्यांना या बदलासाठी दोन-तीन मोसमांची मुदत आणि सवलतीचे कर्ज देणे हा दरवर्षीच्या बंदोबस्तापेक्षा स्वस्त उपाय ठरेल.

आणि सरतेशेवटी ग्राहक. वरातीची सुपारी देणारा बाप, मंडळाचा अध्यक्ष आणि यात्रा समिती यांनी ‘किती खोके’ विचारण्याऐवजी ‘किती डेसिबल’ विचारायला सुरुवात केली, की धंदा आपोआप वळेल. ग्रामसभेने ठराव करून गावाचा आकडा आणि वेळ ठरवावी आणि तो सर्वांना सारखा लावावा. जत्रेतल्या दुकानाची जागा आणि पाण्याची पाळी सर्वानुमते ठरवणाऱ्या गावांना हे अवघड नाही.

फितीच्या खरखरीतून गाण्याचा हळुवार भाग वाचवण्यासाठी जी कंपनी निघाली, तिने मोजण्याची शिस्त लावून घेतली आणि त्या शिस्तीचाच व्यापार केला. तिचे नाव आपण विनाशुल्क घेतले, ते तसेच राहू द्यावे. आता तिची मोजण्याची सवयही घ्यायला हरकत नाही. तिला परवाना लागत नाही.